झाड, शरीर, खाजन: शालेय जीवशास्त्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते दहावीच्या मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी गोव्यात जीवशास्त्र शिकवते, म्हणून उदाहरणे माड, काजू, खाजन (खाडीकाठची बांध घालून अडवलेली शेतजमीन) आणि मासळीबाजारातली आहेत. तत्त्वे मात्र सगळीकडे तीच. उत्तर पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्या, ही माझी कळकळीची विनंती. समोर जे दिसते ते कशापासून बनले, ते कुठून आले आणि पुढे कुठे जाणार, हे आधी विचारा. व्याख्या त्यानंतर आपोआप लक्षात राहतात.

झाड एवढे वाढते, ते मातीतले अन्न खाऊन का?

नाही. दहावीतली हुशार मुलेही या प्रश्नावर अडखळतात, म्हणून तो सर्वांत आधी घेतला आहे.

सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांनी एका कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली आणि त्यात ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंड भरले आणि माती जेमतेम २ औंसांनी कमी झाली होती. हा प्रयोग १६४८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. म्हणजे झाडाचे वजन मातीतून आले नव्हते, एवढे त्यांनी पक्के दाखवले. ते सगळे पाण्यातून आले असा त्यांनी निष्कर्ष काढला. हवेचा वाटा त्या काळात कोणाच्या ध्यानात येणे कठीणच होते.

वाळलेल्या लाकडाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो आणि तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. हवेत हा वायू असतो अवघा ०.०४ टक्के. तो पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून आत शिरतो, मुळांनी शोषलेले पाणी खालून येते, हरितद्रव्य उन्हातली ऊर्जा पकडते आणि या तिन्हींच्या मेळातून साखर तयार होते. हिशेब असा: कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू आणि पाण्याचे सहा रेणू मिळून ग्लुकोजचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे सहा रेणू. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतून सुटलेला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नसतो. हे १९४१ मध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून सिद्ध झाले. परीक्षेत हा मुद्दा हमखास विचारतात.

पुढे त्याच साखरेचे स्टार्च होते, सेल्युलोज होते, लाकूड होते. परसातला फणस हवा आणि पाणी यांपासून, उन्हाच्या जोरावर उभा राहिलेला आहे. मुलांना हे एकदा खरोखर पटले की पुढचा सगळा अभ्यास सोपा जातो.

मग खत कशाला घालतात?

वजनासाठी नाही, घटकांसाठी. हरितद्रव्य आणि प्रथिने बनवायला नायट्रोजन लागतो, डीएनएला फॉस्फरस लागतो, हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असते. हे सगळे लागते थोडेच, पण ते मुळांवाटेच यावे लागते. मिळाले नाही तर पाने पिवळी पडतात आणि वाढ खुंटते.

याचा उत्तम पुरावा पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर दिसतो. जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ, त्यातला नायट्रोजन पावसाने धुऊन गेलेला. अशा जागी दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडते आणि निळसर फुलांची सीतेची आसवं मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. या कीटकभक्षी वनस्पती किडे ‘खातात’ म्हणून त्या परपोषी, असे उत्तर मुले लिहितात. ते चूक आहे. त्या हिरव्या आहेत आणि साखर स्वतःच बनवतात. किड्यापासून त्यांना हवा असतो तो मुख्यतः नायट्रोजन. सड्याला पडीक जमीन म्हणणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये एकदा तरी तिथे खाली वाकून पाहावे.

पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो, हे खरे का?

खरे नाही. ऑक्सिजन सुटतो तो प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचा रेणू फुटतो तेव्हा. अंधारात ती क्रिया थांबते. काही वनस्पती, उदाहरणार्थ निवडुंग, रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात. पण त्यासुद्धा रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत. श्वसन मात्र प्रत्येक झाड दिवसरात्र करते. रात्री झाडाखाली झोपल्याने गुदमरायला होते हीसुद्धा भीतीच आहे: एका झाडातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड उघड्या हवेत कुठल्या कुठे विरून जातो.

माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढते कसे? आणि सूर, म्हणजे माडी, येते ती कुठून?

हे दोन वेगळे प्रवास आहेत आणि पुस्तकात ते एकाच पानावर आल्यामुळे मुलांची गल्लत होते.

वर जाणारा प्रवास पाण्याचा. माड २०-२५ मीटर उंच वाढतो, तरी त्याच्यात पाणी चढवणारा कसलाही पंप नसतो. झावळ्यांच्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ होऊन जाते, हे बाष्पोच्छ्वसन. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. वरचा रेणू गेला की त्याच्यामागचा ओढला जातो आणि हा ताण झायलेमच्या मृत, पोकळ नलिकांमधून थेट मुळापर्यंत पोहोचतो. ऊर्जा उन्हाची लागते, झाडाची जवळजवळ नाही.

मुळांचाही थोडा दाब असतो. तो पाहायचा असेल तर पावसाळ्यात सकाळी परसातल्या अळूकडे जा. पानाच्या टोकाशी आणि कडेला लागलेले थेंब दिसतील. ते दव नव्हे. रात्री हवा दमट असते, बाष्पोच्छ्वसन मंदावते, मुळे मात्र पाणी घेतच असतात. ते जास्तीचे पाणी पानाच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर येते. याला बिंदुस्राव म्हणतात.

दुसरा प्रवास साखरेचा. झावळ्यांत तयार झालेली साखर फ्लोएम नावाच्या वाहिन्यांमधून जिथे गरज असेल तिथे जाते, मग ते मूळ असो, कोवळा कोंब असो वा नारळ. फ्लोएमच्या पेशी जिवंत असतात आणि इथे झाडाला स्वतःची ऊर्जा खर्च करावी लागते. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलण्याआधी तिच्याकडे पुढच्या सगळ्या नारळांसाठी साखरेचा ओघ लागलेला असतो. रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, तिचे टोक रोज थोडे थोडे तासतो आणि खाली मडके अडकवतो. मडक्यात जमणारी सूर म्हणजे फ्लोएमचा रस, त्यात साधारण १५ टक्के साखर असते. तोच रस आटवला की माडाचा गूळ. तसाच ठेवला की हवेतले आणि मडक्यातले यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. पुढे जिवाणू त्या अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात, ते आपले व्हिनेगर. सान्नां (तांदळाच्या इडलीसारखा वाफवलेला पदार्थ) फुगतात तीही सुरेतल्या यीस्टने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. उन्हातून सान्नांपर्यंतचा हा रस्ता ज्या मुलाला सलग सांगता येतो, त्याला वनस्पतींमधील वहनाचा धडा समजला असे मी खुशाल मानते.

काजूचे खरे फळ कोणते, बोंडू की बी?

बी. बोंडू म्हणजे फुलाचा फुगलेला, रसाळ देठ. म्हणून त्याला आभासी फळ म्हणतात. खाली लोंबते ते कडक कवचाचे खरे फळ आणि आपण खातो तो काजूगर त्याच्या आतल्या बियेचा. बोंडू गोड आणि रंगीत असतो तो प्राण्यांनी तोडून न्यावा म्हणून, आणि कवचात दाहक तेल असते ते बी कोणी चावून फोडू नये म्हणून. हे तेल कातडीला भाजते, तेव्हा कच्च्या बिया मुलांना हाताने फोडू देऊ नयेत. आंब्याचा चीकही असाच अंगावर उठतो, कारण काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. काजू मुळात ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो इथे आणला.

फणसाबद्दलही विचारतात. एक फणस म्हणजे एक फळ नव्हे: शेकडो फुलांचा तो संयुक्त फळसमूह आहे, प्रत्येक गरा एकेका फुलाचा.

बोंडूच्या रसाला फेस का येतो?

बोंडूचा ताजा रस, म्हणजे नीरो, गोड असतो. तो ठेवला की त्यातले यीस्ट साखरेवर जगू लागते. ऑक्सिजन अपुरा असल्यामुळे ते साखर पूर्ण जाळू शकत नाही. तिचे इथाइल अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होते. फेस त्या वायूचा. याला विनॉक्सी श्वसन किंवा किण्वन म्हणतात.

आपल्या शरीरातही ऑक्सिजनशिवाय साखर फोडली जाते. मैदानावर जीव तोडून धावताना पायांच्या स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, तेव्हा ते साखर अर्धवट फोडतात. मात्र तिथे अल्कोहोल तयार होत नाही, लॅक्टिक आम्ल होते. धावणे थांबल्यावरही धाप चालू राहते, कारण हा राहिलेला हिशेब ऑक्सिजनने नंतर चुकता करावा लागतो. ऑक्सिजनसह ग्लुकोज पूर्ण जळले तर कितीतरी पट अधिक ऊर्जा मिळते, हा फरक उत्तरात जरूर लिहावा.

मानकुरादची बाठ लावली तर मानकुरादच येईल का?

भरवसा नाही. बाठेतल्या गर्भात परागकणाचे, म्हणजे दुसऱ्या एखाद्या आंब्याचे गुणही मिसळलेले असू शकतात. कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी दुसऱ्या मुळावर वाढवणे. तिथे लैंगिक प्रजनन नाही, म्हणून गुण जसेच्या तसे उतरतात. केळीचेही असेच: खाण्याच्या केळ्यात उगवणारी बी नसते, म्हणून लागवड पिलांपासून होते आणि बागेतल्या सगळ्या केळी जनुकीयदृष्ट्या सारख्या असतात. एकीला जो रोग झेपत नाही तो कुणालाच झेपत नाही, हा त्याचा तोटा.

रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची अळमी ही वनस्पती आहे का?

नाही, ती कवक आहे. तिच्यात हरितद्रव्य नसते आणि पेशीभित्तिका कायटिनची असते. वाळवी रोयणीच्या आत हे कवक वाढवते: ती पालापाचोळा आणून घालते, कवक लाकडातले कठीण घटक पचवून देते आणि दोघांचेही भागते. सहजीवनाचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे शोधूनही सापडायचे नाही. वाळवी आणि रोयण सोबत असल्याशिवाय ही अळमी उगवत नाही, त्यामुळे रोयण खणून काढली की तिथली अळमीही संपली.

वजन कमी होते तेव्हा चरबी जाते कुठे?

पालक हा प्रश्न विचारतात आणि बहुतेकांचा अंदाज असतो, घामातून किंवा ‘ऊर्जा होऊन’. मूलद्रव्ये अशी नाहीशी होत नाहीत. चरबीत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. शरीर ती ऑक्सिजनच्या साह्याने जाळते तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. १० किलो चरबी पूर्ण जळली की सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जाते आणि १.६ किलो पाणी होऊन. म्हणजे चरबी मुख्यतः उच्छ्वासातून बाहेर पडते. पण म्हणून नुसते जोरजोरात श्वास घेऊन वजन उतरत नाही. स्नायूंनी आधी ती जाळली पाहिजे.

आणि तो कार्बन डायऑक्साइड पुन्हा एखाद्या पानात शिरतो. पहिला प्रश्न आणि हा प्रश्न एकाच चक्राचे दोन भाग आहेत.

तापमान ३३ अंशच असते, तरी मे महिन्यात इतका जीव का कासावीस होतो?

घाम शरीर थंड करतो तो वाळताना. एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते आणि ती कातडीतून घेतली जाते. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच भरपूर बाष्प असते, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता गळतो. पाणी आणि मीठ जाते, थंडावा मिळत नाही. घाटापलीकडच्या कोरड्या गावात याहून जास्त तापमान सोसवते, त्याचे कारण हेच. उन्हात खेळणाऱ्या मुलाला पाण्याबरोबर चिमूटभर मीठ-साखरही द्या. मुलगा गळून गेला, बरळू लागला किंवा ओकू लागला तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या.

शिरांतले रक्त निळे असते का?

नाही. रक्त नेहमी लालच. ऑक्सिजन भरपूर असेल तर लालभडक, कमी असेल तर गडद लाल. कातडीतून प्रकाश परत येताना शिरा निळसर भासतात, एवढेच. पुस्तकातला निळा रंग केवळ आकृतीच्या सोयीसाठी दिलेला असतो.

हृदयाला चार कप्पे कशाला? माशाला तर दोनच असतात.

चांगला प्रश्न आहे. माशाच्या हृदयातून निघालेले रक्त आधी कल्ल्यांत जाते, ऑक्सिजन घेते आणि तिथून सरळ शरीरभर फिरून परत येते. कल्ल्यांच्या बारीक केशवाहिन्यांतून जाताना त्याचा दाब पडतो आणि पुढचा प्रवास सावकाश होतो. थंड रक्ताच्या बांगड्याला ते पुरते. आपल्याला शरीर सतत ३७ अंशांवर उबदार ठेवायचे असते, त्यासाठी ऑक्सिजन भराभर लागतो. म्हणून आपले रक्त एका फेरीत दोनदा हृदयात येते: उजव्या बाजूकडून फुफ्फुसांकडे, तिथून डाव्या बाजूला, आणि पुन्हा जोर घेऊन शरीराकडे. दोन्ही रक्ते मिसळू नयेत म्हणून मधे भिंत असते. डाव्या जवनिकेची भिंत सर्वांत जाड असते, कारण तिला रक्त डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत ढकलायचे असते.

झडपांचे काम समजावताना मी मुलांना खाजनाच्या बांधातला मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, दाखवते. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की मानसाचे दार आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते. हृदयाच्या झडपांनाही स्वतःचे स्नायू उघडमीट करायला लागत नाहीत. रक्ताचा दाब ज्या बाजूने जास्त, त्याप्रमाणे त्या उघडतात किंवा मिटतात. विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके आणि सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते.

तहान लागली तरी समुद्राचे पाणी का चालत नाही?

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेतात. बाहेर जाते ते दीड-दोन लिटर. पण समुद्राइतके खारट मूत्र त्यांना बनवता येत नाही. मीठ बाहेर काढायला शरीरातलेच पाणी खर्च होते आणि तहान वाढत जाते. मिठात घातलेली तोरं, म्हणजे कैऱ्या, सुरकुततात ती याच तत्त्वाने: जिकडे क्षार दाट, तिकडे पाणी जाते. हा परासरणाचा नियम लक्षात ठेवा, खाजनाच्या प्रश्नात तो पुन्हा लागणार आहे.

मुलगा होणार की मुलगी, हे कशावर ठरते?

वडिलांकडून येणाऱ्या शुक्रपेशीवर. आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्स गुणसूत्र असते. वडिलांच्या शुक्रपेशीत एक्स किंवा वाय. एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मी. यात आईला दोष देणे अडाणीपणाचे आणि अन्यायाचे आहे. वर्गात हा धडा शिकवताना मी तो घाईने उरकत नाही, आणि पालकांनीही घरी तो मोकळेपणाने बोलावा.

खाजन ही परिसंस्था आहे की शेत?

दोन्ही. मांडवी, झुआरी आणि त्यांच्या खाड्यांच्या काठचा सखल भाग, जिथे एरवी भरतीचे खारे पाणी पसरले असते, तो गावकऱ्यांनी मातीचे बांध घालून अडवला. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था चालत आली आहे. पावसाळ्यात गोडे पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेते, तेव्हा आत भात होते. कोरगुटसारख्या जाती थोडा खारेपणा सोसतात. भात कापल्यावर मानसातून खारे पाणी आत घेतात आणि त्याबरोबर मासळी व सुंगटां, म्हणजे कोळंबी, येतात. पाणी किती घ्यायचे, केव्हा सोडायचे, हे सगळे त्या एका दारावर ठरते.

बांध फुटला तर काय होते? खारे पाणी शेतात शिरते. भाताच्या मुळाबाहेर क्षार दाट, आत पातळ, म्हणून पाणी मुळात शिरण्याऐवजी बाहेर पडते. चहूकडे पाणी असून रोप तहानेने सुकते. काही वर्षे बांध तसाच राहिला तर तिथे खारफुटी उगवू लागते.

खारफुटीला तेच पाणी कसे चालते, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न. कांदळाची मुळे पाणी आत घेतानाच बरेचसे मीठ बाहेर अडवतात. तिवर मीठ आत येऊ देते आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. उन्हाच्या दिवशी पान चाटून पाहा, खारट लागेल. चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात; खाडीचा तो कुजका वास घाणीचाच असतो असे नाही. अशा चिखलात मुळांना श्वास घेता यावा म्हणून तिवराची श्वसनमुळे जमिनीतून वर डोकावतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांबट कोंब चिखलात पडून तिथेच उभा राहतो किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जातो.

या झाडांची गळलेली पाने कवके आणि जिवाणू कुजवतात. तो कुजलेला अंश खेकडे, कालवां, कोळंबीची पिले खातात. समुद्रात जन्मलेली सुंगटांची पिले वाढायला खाडीत येतात आणि मोठी होऊन परत जातात. म्हणजे खारफुटी तोडल्याचा परिणाम दूर समुद्रात टाकलेल्या जाळ्यात दिसतो. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरीही आहेत, आणि चिखलाची मगर घडवून पुजण्याची मानगेथापणी आजही होते.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर रायबंदरहून फेरीने चोडणला जा. तिथले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे आहे, पण ओहोटीच्या वेळी श्वसनमुळे, निवट्या मासे आणि बगळे एकाच जागी दिसतात.

इसवण महाग आणि तारले स्वस्त, याचा अन्नसाखळीशी काही संबंध आहे का?

किमतीला इतरही कारणे असतात, पण संबंध नक्की आहे. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती म्हणजे वनस्पतिप्लवक ऊन पकडतात. तारले आणि बांगडे प्लवक खाऊन जगतात. इसवण या लहान माशांवर जगतो. प्रत्येक पायरीवर सुमारे ९० टक्के ऊर्जा श्वसनात आणि उष्णतेत जाते आणि जवळपास १० टक्केच पुढे पोहोचते. ही कल्पना १९४२ मध्ये रेमंड लिंडेमन यांनी मांडली. १०,००० एकक ऊर्जेपासून सुरुवात केली तर दोन पायऱ्यांनंतर १०० उरतात. म्हणून समुद्रात तारले थव्यांनी असतात आणि इसवण तितके असूच शकत नाहीत. दहा टक्के ही सरासरी आहे, काटेकोर नियम नव्हे.

अन्नसाखळीतला बाण खाणाऱ्याकडे काढा: तारले ते इसवण. तो ऊर्जेचा प्रवास दाखवतो. दर वर्षी मुले तो उलटा काढतात आणि गुण गमावतात.

पावसात मासेमारी बंद का ठेवतात?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, बऱ्याच माशांचा हा अंडी घालण्याचा काळ असतो हे दुसरे. याच सुमारास खोल समुद्रातले थंड, क्षारपोषकांनी भरलेले पाणी किनाऱ्याजवळ वर येते आणि प्लवक भरभर वाढते. मात्र ते मेल्यावर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो आणि पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या किनाऱ्यापुढच्या खालच्या पाण्यात तो फारच कमी होतो. भरपूर पोषण म्हणजे भरपूर जीवन, असे नेहमी नसते.

कासवाचे पिल्लू नर की मादी, हेही गुणसूत्रांवर ठरते का?

नाही, वाळूच्या तापमानावर. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. घरटे उबदार असेल तर माद्या जास्त होतात, थंड असेल तर नर. पिल्ले रात्री बाहेर येतात आणि उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे जातात. किनाऱ्यावरचे झगमगते दिवे त्यांना उलट्या दिशेला नेतात.

माकडताप माकडामुळे होतो का?

तो विषाणूमुळे होतो आणि माणसापर्यंत येतो गोचिडीच्या चाव्यातून. माकडेही त्याला बळी पडतात. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला आणि २०१५ पासून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. रानात काजू वेचायचे दिवस आणि गोचिडीचे दिवस एकच, म्हणून अंगभर कपडे घालावेत आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

प्राथमिक शिक्षण मराठीत झाले, पाचवीपासून विज्ञान इंग्रजीत. मुलाने काय करावे?

आधी मराठीत नीट समजून घ्यावे, मग इंग्रजीत लिहावे. घरच्यांनी इंग्रजी शिकवलेच पाहिजे असे नाही. सूर कशी येते, मानस कसा चालतो, बांध का फुटू द्यायचा नाही, हे ज्या आजोबांना माहीत आहे त्यांनी ते नातवाला दाखवावे. शाळेतल्या धड्याला त्याचा मोठा आधार होतो.

प्रकल्पासाठी घरी काय करता येईल?

बाटलीत ताजा नीरो किंवा उसाचा रस आणि चिमूटभर यीस्ट घ्या, तोंडाला फुगा लावा आणि तो किती वेळात फुगतो ते उन्हात व सावलीत ठेवून नोंदवा. अळूचे थेंब आठवडाभर सकाळी मोजा, सोबत आदल्या रात्री पाऊस होता की नाही ते लिहा. कांदळाचा गळून पडलेला कोंब गोड्या पाण्याच्या आणि खाऱ्या पाण्याच्या बाटलीत ठेवून वाढ मोजता येते; झाडावरचा तोडू नका, आणि सड्यावरची दवबिंदूही उपटून आणू नका, ती कुंडीत सहसा जगत नाही. पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाने दोन दिवस झाकून आयोडीनची परीक्षाही करता येईल: उन्हातला भाग निळाकाळा होतो, झाकलेला होत नाही. त्यासाठी पान आधी स्पिरिटमध्ये उकळून हरितद्रव्य काढावे लागते. हे काम शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करा, आणि स्पिरिटची परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा, थेट ज्योतीवर कधीही नाही.